तळ्यातली वर्षं

“बैस. आणि तो चेहरा बाहेर ठेवून ये,” केंकरेसाहेब म्हणाले.

चेहरा बाहेर ठेवायची काही सोय नव्हती, त्यामुळे मी तो घेऊनच बसले. सोमवार होता, सकाळचे साडेनऊ. हातात आलेखाच्या कागदाची गुंडाळी. गुरुवारी दिल्लीची समिती येणार होती आणि मला साहेबांना सांगायचं होतं की त्यांच्या आराखड्यात चूक आहे.

“बोल आता. कितीची चूक?” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मी तोंड उघडायच्या आत त्यांना कळलं होतं, कारण चांगली बातमी असली की मी ती दारातूनच ओरडून सांगते.

“सत्तावीस, सर.”

“सत्तावीस काय? किलो?”

“वर्षं.”

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि पुन्हा कपाळावर ठेवला.

ही गोष्ट १९८४ सालची. मी शालन भोईटे, फलटणची. कोल्हापूरला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मुंबईच्या अणुऊर्जेच्या संस्थेत लागले, आणि चार-पाच वर्षांनी मला नियोजन कक्षात टाकलं. कक्ष म्हणजे दोन टेबलं, एक गोदरेजचं कपाट, साहेब आणि मी. काम एकच: पुढच्या पन्नास वर्षांत देशाची अणुऊर्जा कुठून कुठे जाणार, ते लिहून काढायचं. घरी माझा गॅसचा सिलिंडर या महिन्यात येणार की पुढच्या, ते मला सांगता येत नव्हतं, पण इथे मी १९९८ साली देशात किती किलो प्लुटोनियम असेल ते दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांपर्यंत सांगायची. पगारही मिळायचा.

डॉ. दिगंबर केंकरे तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. गोरे, ठेंगणे, सतत कोणाची तरी टर उडवणारे. आराखडा त्यांचा जीव की प्राण. कोणी पाहुणा आला की ते त्याला समोर बसवून दह्याचं उदाहरण द्यायचे.

“हे बघा, पहिल्या टप्प्यात साध्या अणुभट्ट्या. त्यात युरेनियम जळतं आणि मागे थोडं प्लुटोनियम उरतं. हे आपलं विरजण. दुसऱ्या टप्प्यातल्या भट्ट्या अशा, की जितकं विरजण घालाल त्याहून जास्त परत मिळतं. ते काढायचं, पुन्हा घालायचं. अशा नऊ फेऱ्या झाल्या की पातेली भरली. मग तिसरा टप्पा, थोरियम. केरळच्या किनाऱ्यावर वाळूत लोळतंय नुसतं. ते एकदा पेटलं की दोन-तीनशे वर्षं आपल्याला कोणापुढे हात पसरायला नको!”

“आणि हे कधी होणार?” पाहुणा विचारायचा. ते विचारावं म्हणूनच हा सगळा खटाटोप असायचा.

“२००४ साली. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा असेन. उद्घाटनाला पहिल्या रांगेत मधली खुर्ची माझी, आत्ताच सांगून ठेवतो. आमच्या घरात माणसं नव्वदीच्या आत जायला तयारच नसतात.”

ही थट्टा आहे असं लोकांना वाटायचं. मला माहीत होतं की ती थट्टा नाही. त्या माणसाला ते दिवे लागलेले स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे होते. बाकी त्याला काही नको होतं. बढतीच्या दोन संधी त्यांनी सोडल्या होत्या, कारण वर गेलो तर आराखडा दुसऱ्या कोणाच्या तरी हातात पडेल. आणि मी, त्यांनीच हाताला धरून शिकवलेली, त्यांच्यासमोर सत्तावीस वर्षं घेऊन बसले होते.

“कुठे सापडली?” त्यांनी विचारलं.

“तळ्यात, सर.”

अणुभट्टीतून काढलेलं इंधन लगेच हाताळता येत नाही. ते भयंकर किरणोत्सारी असतं. म्हणून आधी ते खोल पाण्याच्या टाकीत ठेवतात. तिला आम्ही सगळे तळं म्हणायचो. तिथे निवलं, की मग ते रसायनवाल्यांच्या कारखान्यात जायचं. तिथे ते विरघळवून त्यातलं प्लुटोनियम वेगळं काढायचे. शनिवारी मी त्या कारखान्यात एक आकडा विचारायला गेले होते. वाटेत तळं लागतं. पाण्याखाली रचून ठेवलेल्या इंधनाच्या कांड्या बघून तिथल्या माणसाला मी आपलं सहज विचारलं, हे कधीचं?

“एक्क्याऐंशीचं,” तो म्हणाला. “यंदा निघेल.”

मी तिथेच थबकले. कारण आमच्या आराखड्यात तळंच नव्हतं.

आमच्याकडे पद्धत अशी, की प्रत्येक विभाग आपापलं प्रकरण लिहून द्यायचा आणि दुसऱ्याच्या प्रकरणात नाक खुपसायचा नाही. तो शिष्टाचार होता. अणुभट्टीचं प्रकरण साहेबांनी स्वतः लिहिलेलं, ते संपायचं ‘इंधन बाहेर काढले’ या वाक्यावर. रसायनाचं सुरू व्हायचं ‘इंधन कारखान्याच्या दारात आले’ इथून. दोन वाक्यांच्या मधे तीन वर्षं पाण्यात बुडालेली होती आणि कोणालाच ती आपली वाटली नव्हती. आम्ही ती दोन प्रकरणं नुसती शेजारी शेजारी टाचली होती. एका फेरीत तीन वर्षं गेली, तर नऊ फेऱ्यांत किती, ते शाळेतलं पोरही सांगेल. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर मी ते पाच वेळा करून पाहिलं. नवरा म्हणाला, “अगं, भाताची शितं चिकटतायत त्या कागदाला.” म्हटलं, चिकटू देत.

साहेबांनी आलेख टेबलावर पसरला, पेन्सिल घेतली आणि नऊ वेळा तीन मिळवले. एक एक करून. मधेच एकदा बोटांवर मोजलं. मग म्हणाले, “जेरोमला बोलाव.”

जेरोम तुस्कानो म्हणजे त्या रसायन कारखान्याचे प्रमुख. वसईचे. उंच, काळेसावळे, आणि पहिला शब्द ‘नाही’. चहा घेणार का विचारलं तरी आधी नाही म्हणायचे आणि मग दोन कप प्यायचे. एकोणीस वर्षं हे दोघं रोज दुपारी एकत्र डबा खात होते. साहेबांच्या डब्यात मासे असायचे आणि तुस्कानोंच्या खिशात घरच्या वाडीतल्या केळ्यांची वाळवलेली सुकेळी, आणि सबंध वेळ भांडण.

“तळं तुझं,” ते दारात दिसताक्षणी साहेब म्हणाले.

“नाही. का?”

“तीन वर्षं तुझ्या प्रकरणात हवी होती.”

“माझ्या? माझं घड्याळ माझ्या दारात माल आल्यावर सुरू होतं, केंकरे. तोवर तो तुझा.”

“माझं घड्याळ माल बाहेर पडला की थांबतं!”

“मग मधे काय माझा काका सांभाळतो?”

दोघंही एकमेकांकडे बघायला लागले. कारण खरंच मधे कोणी सांभाळत नव्हतं. म्हणजे तळ्याला माणसं होती, पंप होते, कुलूप होतं. फक्त कागदावर मालक नव्हता. देशातले दोन नामांकित शास्त्रज्ञ समोरासमोर बसून एका टाकीला बेवारस ठरवत होते आणि मला त्याही परिस्थितीत हसू येत होतं. मी ते आवरायचा प्रयत्न केला तर नाकातून बाहेर आलं.

“हसतेय बघ,” तुस्कानो म्हणाले. “किती सालावर गेलं?”

“२०३१,” मी सांगितलं.

तुस्कानोंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब आलेखाकडे बघत होते.

“म्हणजे मी एकशे पाच वर्षांचा असेन,” ते म्हणाले. “आमची आजी सगळ्यात चिवट, तीसुद्धा ब्याण्णवला थकली.” आणि मग, कोणालाच न सांगितल्यासारखं, “हं.”

त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही. मंगळवारी उघडला आणि माझ्याकडे सरकवला. कोणाची टर उडवली नाही. शिपाई दोनदा माझ्याकडे येऊन विचारून गेला, साहेबांना बरं नाही का. मला अगदी आपण पाप केल्यासारखं वाटत होतं. जरा गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? दिल्लीवाल्यांना काय कळणार होतं तळ्यातलं?

म्हणून बुधवारी सकाळी मी दुसरा तक्ता करून नेला.

“सर, पाण्यात तीन वर्षं ठेवलंच पाहिजे असा काही देवाचा नियम नाही. एक वर्ष ठेवलं तर? नऊ फेऱ्यांत नऊच वर्षं वाढतात. २०१३.”

त्यांनी तक्ता हिसकावूनच घेतला. “२०१३! म्हणजे मी सत्त्याऐंशी!” दोन दिवसांनी पहिल्यांदा त्यांचे डोळे चमकले. “अगं, सत्त्याऐंशी म्हणजे आमच्याकडे तरुणपण. आमचे अण्णा सत्त्याऐंशीव्या वर्षी कोर्टात भावकीशी भांडत होते. शाबास, बाईसाहेब! जेरोमला दाखवलास?”

“अजून नाही.”

“जा, विचारून ये. मी विचारलं तर तो नाही म्हणेल. तू विचारलंस तरी नाहीच म्हणेल, पण जरा हळू.”

मी टेकडीच्या पलीकडे कारखान्यात गेले. तुस्कानोंनी तक्ता उभ्यानेच वाचला, घडी घातली आणि म्हणाले, “चल.” मला ते आतल्या दालनात घेऊन गेले. भिंतीवर एक फळा होता. त्यावर चौदा नावं, आणि प्रत्येकापुढे खडूनं आकडे. त्या माणसांच्या छातीवर बिल्ले असायचे. अंगावर किती किरणं पडली ते त्या बिल्ल्यांवरून कळायचं आणि दर महिन्याला या फळ्यावर चढायचं.

“तीन वर्षं पाण्यात राहिलेला माल माणसात आलेला असतो,” ते म्हणाले. “एक वर्षाचा माल तसा नसतो. भिंती जाड करू, यांत्रिक हात लांब करू, सगळं करू. पण नळी तुंबली की शेवटी आत माणूसच जातो, शालन. हा जातो, सावळाराम पाटील. हा म्हात्रे, याचं वैशाखात लग्न आहे, हा जातो. किरणांचा वर्षाचा कोटा चार महिन्यांत संपेल यांचा. मग काय करू? नवीन चौदा आणू? आणि कोटा म्हणजे तरी काय, माणसांनीच कागदावर ठरवलेला. वीस वर्षांनी यातल्या कोणाला काय निघेल ते तुला माहीत नाही आणि मलाही नाही.”

आमच्या आराखड्यात टन होते, किलो होते, वर्षं होती. सावळाराम पाटील कुठे नव्हता.

“उद्या समितीला हे सांगा, सर.”

“सांगीन की. नाही म्हणायला मला कधी लाज वाटलीय?” ते म्हणाले. मग जरा थांबून, “हा तक्ता केंकरेला कशाला दाखवलास गं?”

“त्यांच्याकडे बघवत नव्हतं.”

“हं,” तुस्कानो म्हणाले. “खूश झाला का?”

“फार.”

त्यांनी घडी केलेला तक्ता मला परत दिला. परत येऊन मी साहेबांना सगळं सांगितलं, फळ्यासकट. ऐकताना ते दुसऱ्या तक्त्याच्या कडा अंगठ्यानं सारख्या करत बसले होते. “हं, बघू,” एवढंच म्हणाले आणि दोन्ही तक्ते एकाच पिशवीत घातले. मला वाटलं होतं, दुसरा मला परत देतील.

गुरुवारी समिती आली. पाच माणसं. अध्यक्ष भटनागरसाहेब, हसतमुख, गुळगुळीत, प्रत्येक वाक्याच्या आधी ‘वंडरफुल’ म्हणणारे. सगळं इंग्रजीत चाललं होतं, मी आपलं मराठीत सांगते. साहेबांनी दीड तास आराखडा मांडला, विरजणासकट. दिल्लीवाल्यांना विरजण फार आवडलं. मग त्यांनी तळं सांगितलं. दोन प्रकरणांच्या मधे हे राहून गेलं होतं, चूक माझी, असं सरळ सांगितलं. माझं नाव घेतलं, ही चूक या बाईंनी काढली म्हणून. मला टेबलाखाली जावंसं वाटलं. शेवटी बैठकीच्या खोलीतल्या फळ्यावर मोठ्या आकड्यांत २०३१ लिहिलं.

मग भटनागर हसले.

“वंडरफुल. पण डॉक्टर केंकरे, २०३१? या टेबलाभोवतीचं कोण असेल हो तेव्हा?”

“ही असेल,” साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. सगळे हसले.

“नाही, पण खरंच. मला वर जाऊन पैसे मागायचे आहेत. सत्तेचाळीस वर्षांनी दिवे लागतील असं सांगितलं, तर मला चहा पाजून परत पाठवतील. जरा जवळचं काही दाखवा. हे पाण्यातले दिवस, ही तीन वर्षं, यात काही काटछाट?”

साहेबांचा हात पिशवीत गेला. मी बघत होते. दुसरा तक्ता त्यांनी बाहेर काढला आणि टेबलावर पालथा ठेवला. त्यावर तळहात ठेवला.

“काटछाट कारखान्याच्या हातात आहे,” ते म्हणाले.

“मग कारखान्यालाच विचारू,” भटनागर वळले. “डॉक्टर तुस्कानो, तीनऐवजी एका वर्षाचा माल घेऊ शकाल तुम्ही?”

मी सुटकेचा श्वास सोडला. विचारलं कोणाला, तर तुस्कानोंना! त्यांचं उत्तर आख्ख्या संस्थेला पाठ होतं. ते उभे राहिले. साहेबांकडे पाहिलं. साहेब मान वर करत नव्हते, तळहाताकडेच बघत होते, आणि खरं सांगते, त्या क्षणी ते परीक्षेच्या निकालाला उभ्या असलेल्या पोरासारखे दिसत होते. तुस्कानो किती तरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.

“येईल करता,” ते म्हणाले. आणि खाली बसले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण भटनागरांनी टाळी वाजवली. “वंडरफुल! मग किती होतं ते?”

“२०१३,” मीच म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं. आकडा विचारला की सांगायची सवय! आजही मला त्याची लाज वाटते.

“२०१३ लिहा मग. हे बरं आहे. हे मी वर सांगू शकतो.”

साहेबांनी तो कागद उलटा केला. बघितला. मग त्याची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

“क्षमा करा,” ते म्हणाले. “कारखान्याच्या प्रमुखांचं उत्तर मला मान्य नाही. तीन वर्षं.”

“पण कारखाना त्यांचा आहे!”

“कारखाना त्यांचा आहे, आराखडा माझा आहे. नळी तुंबली की आत माणूस जातो, साहेब. मला जावं लागत नाही. तुम्हालाही नाही. तीन वर्षं.”

“डॉक्टर केंकरे, याचा परिणाम तुम्हाला कळतोय ना?”

“पूर्ण.”

परिणाम लगेच कळला. चहा व्हायच्या आत समितीनं पहिला टप्पा मंजूर केला, दुसऱ्याला कच्ची संमती दिली, आणि थोरियमचं पासष्ट पानांचं प्रकरण, ज्यावर साहेबांनी सहा वर्षं घालवली होती, दोन ओळींचं झालं: ‘तिसऱ्या टप्प्याचा विचार योग्य वेळी करण्यात येईल.’ भटनागरांनी जाताना साहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि वंडरफुल म्हणाले.

गाड्या गेल्यावर आम्ही तिघं उपाहारगृहात आलो. दोन वाजून गेले होते, भात संपला होता, नुसत्या चपात्या उरल्या होत्या. साहेब बसले. तुस्कानो बसेनात.

“तू वेडा आहेस का रे?” ते कडाडले. उपाहारगृहातली सगळी वळून बघायला लागली. “मी हो म्हटलं होतं! सगळ्यांसमोर हो म्हटलं होतं!”

“म्हणून तर घाबरलो,” साहेब म्हणाले. “एकोणीस वर्षांत तू मला एकदा तरी हो म्हणालायस? सांग. एकदा? मी म्हटलं, आपल्या एका खुर्चीपायी हा माणूस खोटं बोलायला लागला. उद्या शपथेवर बोलेल.”

“मी काहीतरी मार्ग काढला असता.”

“कुठून काढला असतास? तूच हिला फळ्यापुढे उभं केलंस ना काल? ही येऊन मला एक एक नाव सांगत होती. तरी मी तो कागद घेऊन गेलो, जेरोम. म्हटलं, विचारणार मी नाही, ते विचारतील. नाही म्हणणार तू. म्हणजे मी सुटलो. आणि तू मेल्या हो म्हणालास.”

तुस्कानो खाली बसले. त्यांनी खिशातून सुकेळ्यांची पुडी काढली आणि उगीच टेबलावर ठेवली.

“वाईट वाटतंय रे,” साहेब म्हणाले. “फार वाईट वाटतंय. मला ते बघायचं होतं.”

मी तिथे बसून रडले. लपवलं नाही, काही नाही. चपाती वाढणारा आला, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि बिचाऱ्यानं एकाऐवजी दोन वाढल्या.

“आता ही का रडतेय?” साहेबांनी तुस्कानोंना विचारलं. “हिला तर २०३१ जमण्यासारखं आहे.”

दोन वर्षांनी साहेब निवृत्त झाले आणि पुण्याला गेले. त्याआधी त्यांनी एक केलं. तळ्याला मालक दिला. आराखड्यात पाण्यातल्या वर्षांचं स्वतंत्र प्रकरण घातलं आणि ते माझ्या गळ्यात बांधलं. पुढची सत्तावीस वर्षं माझी सगळी नोकरी त्या एका टाकीभोवती गेली. घ्या, तोच आकडा. दर दोन-तीन वर्षांनी कोणी तरी नवीन साहेब येऊन विचारायचा, बाई, हे पाण्यातले दिवस जरा कमी नाही होणार? मी आधी नाही म्हणायची आणि मग त्याला चहा द्यायची.

२०१३ च्या जानेवारीत, पहिल्या आठवड्यात, मी पुण्याला फोन केला. माझीही निवृत्ती त्याच वर्षी होती. फोन साहेबांच्या पत्नीनं, काकूंनी उचलला आणि ओरडून सांगितलं, “अहो, शालन आहे!”

“बोला, बाईसाहेब.”

“सर, तुमचं वर्ष लागलं. दोन हजार तेरा.”

“अगं, मला काय सांगतेस? एक तारखेला सकाळी उठलो, आधी नाडी बघितली, मग कॅलेंडर. चालू आहे म्हटलं! जेरोमला फोन लावला वसईला. म्हटलं, बघ, बसलो असतो की नाही खुर्चीवर?”

“काय म्हणाले ते?”

“नाही म्हणाला.” ते खूप हसले, खोकला येईपर्यंत. “बरं, थोरियमचं काय?”

“बैठका चालू आहेत, सर.”

“वा. छान चाललंय.”

मग त्यांचा हसरा सूर गेला.

“शालन, त्या फळ्यावरची माणसं गं. चौदा होती ना? आहेत का?”

“तेरा आहेत, सर. म्हात्रेला नातू झाला.” मग सांगावं लागलंच. “सावळाराम पाटील दिवाळीच्या सुमारास गेले.”

मग अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारलं, “कशानं?”

“म्हातारपणानं, सर. ऐंशीचे होते. गावी असायचे, शेवटपर्यंत हिंडतेफिरते. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत.”

“म्हातारपणानं,” ते म्हणाले. मग पुन्हा एकदा म्हणाले, “म्हातारपणानं गेला सावळाराम.” त्यांचा श्वास मला फोनमधून ऐकू येत होता. “जेवून गेला म्हणतेस?”

“हो, सर.”

“काय जेवला होता?”

“ते मी नाही विचारलं.”

“विचारायचंस गं,” साहेब म्हणाले.